औलूतला पहिला हिवाळा: पावणेचारला सूर्य मावळतो, पुढचे चार महिने कसे काढायचे?

इचलकरंजीकर_औलू | ६ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी. ऑगस्टच्या सुरुवातीला पुण्याहून फिनलंडच्या उत्तरेकडच्या औलूला आलो. मी, बायको आणि सव्वादोन वर्षांची मुलगी. माझं गाव इचलकरंजी, सासुरवाडी कोल्हापूर. मी मोबाइल नेटवर्कच्या टेस्टिंगमध्ये काम करतो.

आलो तेव्हा रात्री दहालाही उजेड असायचा, मुलीला झोपवायला जाड पडदे लावावे लागायचे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागं गेली आणि तेव्हापासून अंधार एकदम अंगावर आला. आज पावणेचारच्या आत सूर्य मावळला. ऑफिसातले म्हणतात ही तर सुरुवात आहे, डिसेंबरात दिवस साडेतीन तासांचा होतो.

थंडीची धास्ती नाही, कपडे घेतलेत. अंधाराचीच आहे. चार वाजता डोळे जड होतात, आठला जेवून आडवा होतो, तरी सकाळी सातला उठवत नाही. सारखं गोड खावंसं वाटतं. बर्फ अजून पडलेला नाही, नुसता पाऊस आणि काळे रस्ते. इथं बरीच वर्षं काढलेल्यांनी सांगावं, तुम्ही नेमकं काय करता? गोळ्या, दिवे, व्यायाम, जे असेल ते. ऐकीव नको, स्वतः केलेलं सांगा.

नाशिककर_हेलसिंकी | ६ नोव्हेंबर

आठ वर्षं झाली इकडे. डी जीवनसत्त्वाची गोळी रोज घ्या, जिम लावा, आठवड्यातून तीनदा घाम गाळा. बाकी सगळं मनावर असतं. अंधार अंधार म्हणत बसलं की अंधार जास्त वाटतो. मार्चमध्ये सगळं विसराल.

मंजूताई_कराड | ७ नोव्हेंबर

तू माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा दिसतोस म्हणून अरे-तुरे करते. मी कराडची. औलूतला हा माझा पंधरावा हिवाळा. इथल्या एका पाइवाकोतीत, म्हणजे बालवाडी आणि पाळणाघर एकत्र असतं तिथं, मुलं सांभाळायचं काम करते.

सगळं मनावर असतं, हे मला पटत नाही. मनावर घेऊन भागत असतं तर माझा दुसरा हिवाळा तसा गेला नसता. तोच आधी सांगते, कारण तुझी चार वाजताची झोप आणि गोडाची ओढ वाचून मला तो आठवला.

पहिलं वर्ष नवलाईत गेलं. दुसऱ्या वर्षी नोव्हेंबर लागला आणि मी हळूहळू विझत गेले. तेव्हा मला नोकरी नव्हती. यजमान काळोखात जायचे, काळोखात यायचे. मी दुपारी तीनला दिवा लावून सोफ्यावर बसायचे ती तिथंच. भाकरी-पोळी करणं सोडून दिलं. इथले पुल्ला मिळतात ना, वेलदोडा घातलेले गोड पाव, ते दिवसाला चार-चार खायचे. आईचा फोन आला की कॅमेरा बंद ठेवायचे आणि रेंज नाही म्हणायचे. दहा तास झोपून उठलं तरी अंग ठेचल्यासारखं. डिसेंबरात एकदा लक्षात आलं की तीन दिवस मी आंघोळच केलेली नाही. त्या दिवशी मी घाबरले आणि आरोग्य केंद्रात गेले.

तिथल्या नर्सनं अर्धा तास नीट ऐकून घेतलं. म्हणाली, याला आम्ही कामोसमासेन्नुस म्हणतो, काळोखाच्या दिवसांतलं नैराश्य. सकाळी डोळ्यांत पुरेसा उजेड गेला नाही की शरीराचं आतलं घड्याळ मागं पडतं, झोप आणणारं मेलाटोनिन दिवस उजाडला तरी ओसरत नाही. १९८४ साली अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराचं पहिल्यांदा नीट वर्णन केलं, तेव्हापासून डॉक्टर लोक तो ओळखतात. झोप वाढते, गोड आणि पिठूळ खावंसं वाटतं, वजन चढतं, माणसं नकोशी होतात. तिनं एकेक लक्षण म्हटलं आणि मी रडायला लागले. तोवर मी स्वतःला आळशी समजत होते.

आता मी काय करते ते सांगते. त्यातलं सगळ्यात मोठं नर्सनं सांगितलेलं नाही, ते माझं मला सापडलं.

कराडला आमच्या वाड्यात दिवेलागण झाली की आजी म्हणायची, आता केर काढू नका, कामं आवरा, हातपाय धुऊन शुभंकरोति म्हणा. तिन्हीसांजेला दिवस मिटायचा. तीस वर्षं माझ्या अंगानं हेच शिकलेलं, की काळोख पडला म्हणजे दिवस संपला. आणि इथं तो दुपारी तीनला पडत होता. खिडकी काळी झाली की माझं अंग आपोआप आवराआवरीला लागत होतं, तीन वाजता! मग ठरवलं, दिवेलागण आपल्या घरी आपण ठरवायची. तेव्हापासून रोज संध्याकाळी ७ वाजता देवापुढं दिवा लावते, उन्हाळा असो की हिवाळा. जूनमध्ये बाहेर लख्ख ऊन असतं तेव्हाही सातलाच, आणि डिसेंबरात चार तास काळोख होऊन गेलेला असतो तेव्हाही सातलाच. सात वाजेपर्यंत आमच्या घरात दिवस असतो. सगळे दिवे पूर्ण लावलेले, स्वयंपाकघरात खुडबुड, रेडिओ, कपड्यांच्या घड्या, कुणाकडं जाणं-येणं. सातनंतर छताचे दिवे बंद, कोपऱ्यातले पिवळे तेवढे चालू, दहाला झोप. हे करायला लागल्यापासून चारची झोप महिन्याभरात गेली. तू नास्तिक असलास तर समई नको लावूस, पण दिवस संपायची वेळ घड्याळावर बांधून घे.

दुसरं, सकाळचा दिवा. किर्कासवालोलाम्प्पु म्हणून दुकानात माग. १०,००० लक्सचा घे (लक्स म्हणजे उजेडाचं माप) आणि तो किती अंतरावर १०,००० भरतो ते डब्यावर वाच. स्वस्तातले काही दिवे अगदी नाकाशी धरले तरच तेवढे भरतात. मी साडेसहाला चहा घेताना हातभर अंतरावर, जरा बाजूला ठेवते. त्याच्याकडं टक लावून बघायचं नाही, पण डोळे उघडे हवेत. अर्धा तास. तो रोज हवा, सुटीच्या दिवशीही त्याच वेळेला. संध्याकाळी लावू नकोस, झोप उडते. डोळ्यांचा आजार असेल, किंवा घरात कुणाला मन कधी फार उसळतं आणि कधी फार खचतं असा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचार. आणि या दिव्यानं डी जीवनसत्त्व मिळत नाही. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, लोक गल्लत करतात.

तिसरं, दुपारी ११ ते २ च्या मधे बाहेर पड. २१ डिसेंबरला औलूत सूर्य साडेदहाला उगवतो, दोनला मावळतो आणि भर दुपारी क्षितिजाच्या जेमतेम दीड अंश वर असतो. आपल्याकडं पुण्याला त्याच दिवशी अकरा तासांचा दिवस असतो. म्हणून इथं उजेड फुकट घालवायचा नाही. ढग असले तरी बाहेरचा उजेड तुझ्या ऑफिसातल्या ट्यूबपेक्षा कितीतरी जास्त असतो. डबा टेबलावर खात बसू नकोस. पंधरा मिनिटांत खा आणि अर्धा तास चालून ये. पाइवाकोतीत आम्ही मुलांना रोज दोनदा बाहेर काढतो. पाऊस असो, बर्फ असो, उणे १५ च्या खाली गेलं तरच वेळ कमी करतो. मला नोकरीनंच बरं केलं म्हणायला हरकत नाही, कारण बारा मुलांना बाहेर न्यायचं तर आज मला जावंसं वाटतंय का, हा प्रश्नच उरत नाही.

आणि एक ध्यानात ठेव, नोव्हेंबर सगळ्यात वाईट. फिनिशमध्ये या महिन्याला मार्रास्कू म्हणतात, त्यातला मार्रास म्हणजे मरणपंथाला लागलेला. बर्फ पडला की जमीन पांढरी होते आणि रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड दुप्पट वाटतो. डिसेंबर दिवसानं लहान असला तरी मनाला नोव्हेंबरपेक्षा हलका जातो.

डी जीवनसत्त्वाचं थोडक्यात. इथं ऑक्टोबर ते मार्च उन्हातून ते मिळतच नाही, म्हणून दुधात आणि लोण्यासारख्या पदार्थांत घातलेलं असतं. हे पदार्थ किंवा मासे रोज न खाणाऱ्या मोठ्या माणसाला या दिवसांत दिवसाला १० मायक्रोग्रॅमची गोळी घ्यायला सांगतात. आपली कातडी सावळी, भारतातून येतानाच साठा कमी असतो, म्हणून एकदा रक्त तपासून घे. पण गावाकडून ६०,००० युनिटच्या पुड्या मागवून मनानं घेऊ नकोस. एक पुडी म्हणजे १,५०० मायक्रोग्रॅम, आणि मोठ्या माणसाची रोजची वरची मर्यादा १०० आहे. माझ्या ओळखीतल्या एकीनं दर आठवड्याला एक अशी आठ महिने घेतली आणि मूतखडा घेऊन बसली. पुडी वाईट नाही, ती डॉक्टरांनी मोजून द्यायची गोष्ट आहे.

खाण्याचं. गोडाची ओढ लागते ती दुपारी उपाशी राहिल्यावर जास्त. मी सकाळी भरपूर खाते, अंडी किंवा थालीपीठ, आणि चार वाजता हुलग्याचं माडगं नाहीतर गरम सूप. आठवड्यातून दोनदा मासे, इथला लोही, म्हणजे सामन मासा, आमसूल आणि तिरफळ घालून फार छान लागतो. डिंकाचे लाडू दिवाळीत करते ते जानेवारीपर्यंत पुरवते, रोज एकच.

सौनाबद्दल, म्हणजे इथल्या गरम वाफेच्या खोलीबद्दल, लिहिल्याशिवाय राहवत नाही. तुमच्या इमारतीत सामायिक सौना असेल, आठवड्याची पाळी लावून घे. मी दोन वर्षं लाजेनं गेले नाही. मग शेजारच्या सत्तरीच्या आजी हात धरून बायकांच्या वेळेला घेऊन गेल्या. गरम दगडावर पाणी ओतलं आणि ती वाफ अंगावर आली, तशी मला आमच्या न्हाणीघरातली बंबाची ऊब आठवली. त्या वर्षीपासून नरकचतुर्दशीला पहाटे आम्ही सौनाची वेळ मागून घेतो. तेल, उटणं, अभ्यंग, सगळं तिथं होतं. आजींनाही मी उटणं लावलं होतं. त्या गेल्या आता.

बर्फावर घसरू नये म्हणून बुटांना लावायचे खिळे घे, आणि अंगावर हेइयास्तिन, म्हणजे गाडीच्या दिव्यात चकाकणारा बिल्ला, लटकव. काळोखात पायी चालणाऱ्यानं तो लावावा असा इथला नियमच आहे.

इचलकरंजीकर_औलू | ७ नोव्हेंबर

मंजूताई, दोनदा वाचलं. खरं सांगतो, प्रश्न माझ्या नावानं विचारला, पण काळजी बायकोची आहे. मी निदान ऑफिसात माणसांत असतो. ती तिथं शाळेत शिकवायची, इथं दिवसभर घरात. तुमचा सोफा वाचला आणि पोटात गोळा आला. तिनंही गेल्या आठवड्यात दोनदा आईचा फोन घेतला नाही. मी विचारलं तर म्हणते, काही नाही, नुसता कंटाळा. बाहेर जा म्हटलं तर म्हणते, पोरीला सर्दी होईल, थंडी बाधेल. सासूबाईही फोनवर तेच म्हणतात. काय करू?

मंजूताई_कराड | ८ नोव्हेंबर

बरं झालं बोललास.

आधी मुलीचं. थंडीनं सर्दी होत नाही, सर्दी विषाणूनं होते, आणि तो बंद खोलीत जास्त पसरतो. इथं तान्ही बाळं बाबागाडीत बाहेर झोपवतात. आमच्याकडंही दुपारची झोप कितीतरी लहानग्यांची उणे १० पर्यंत बाहेरच होते, आणि ती गाढ झोपतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्याही काळजात चर्र झालं होतं. तिच्या आईला सांग, अंगाला लागून लोकरीचा थर, त्यावर जाड थर, वर हालारी म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत एकसंध कपडा. हात मानेच्या मागं घालून बघायचा. मान उबदार आणि कोरडी असली की मूल मजेत आहे. हात-नाक गार असतातच. सुती बनियन आत घालू नका, घामानं ओलं झालं की तेच गार पडतं. हालारी नवी घेऊ नकोस, किर्प्पुतोरीत, जुन्या वस्तूंच्या दुकानात, चांगली मिळते. मुलं वर्षात वाढतात.

आता बायकोचं. तिला "बाहेर जा" म्हणू नकोस. ते मलाही म्हणायचे, आणि मला वाटायचं, कुठं जाऊ? कुणाकडं जाऊ? तिला जागा दाखव. अवोइन पाइवाकोती म्हणून असतं, तिथं आई मुलाला घेऊन जाते आणि स्वतःही थांबते. नाव घालावं लागत नाही, पैसे नाहीत. मुलं खेळतात, आया कॉफी पितात. पहिल्या दोन वेळा तू सुटी टाकून बरोबर जा. भाषेची अडचण येते, पण पोरांमुळं बोलणं होतंच. तिथल्या दोघी-तिघी बायका पुढं तिचा हिवाळा काढून देतील.

मुलीच्या तपासणीला नेउवोलात, म्हणजे आई-बाळांच्या आरोग्य केंद्रात, जाल तेव्हा नर्स आईचीही चौकशी करते. तेव्हा "काही नाही" म्हणू नकोस म्हणून तिला सांग. दोन आठवड्यांहून जास्त दिवस कशातच मन लागत नसेल, जेवण-झोप बिघडली असेल, तर आरोग्य केंद्राची वेळ घे, दिव्यावर विसंबून राहू नका. बोलून उपचार असतात, औषधं असतात, मी एक हिवाळा औषध घेतलंय आणि त्यात लाज काही नाही. आणि जीव नकोसा झाल्याचं तिच्या तोंडून एकदा जरी आलं तर त्याच दिवशी डॉक्टर, रात्र असेल तर ११२.

तू स्वतः पाच वाजता घरी ये. सातला दिवा तिघांनी मिळून लावा. आणि तिला विचार, शनिवारी माझ्याकडं येणार का? मला व्यक्तिगत निरोप कर, पत्ता देते. तांबडा रस्सा तिनं करायचा, भाकरी मी करते. कोल्हापूरची आहे, कुणीतरी तिच्या हातचं मागून खायला हवंय.

नांदेडचा_ट्रोम्सोत | ९ नोव्हेंबर

मी तुमच्याहून आणखी वर, नॉर्वेत ट्रोम्सोला संशोधन करतो. आमच्याकडं नोव्हेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. पण त्या दिवसांत दुपारी दोन-तीन तास आकाश निळं-गुलाबी होतं, तसा रंग मी नांदेडला कधी पाहिला नव्हता.

इथं कारी लीबोविट्झ नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ याच प्रश्नावर अभ्यास करायला आल्या होत्या. त्यांना असं दिसलं की उत्तरेकडचे लोक हिवाळ्याकडं जास्त आवडीनं बघतात, आणि जे तसं बघतात ते आयुष्यावर जास्त समाधानी असतात. नाशिककरांचं म्हणणं तेवढ्यापुरतं मला पटतं. पण ती आवड नुसती विचार करून येत नाही हेही पाहतोय. माझे सहकारी कपाळाला दिवा बांधून अंधारात स्की करतात, घरी मेणबत्त्या लावून माणसं बोलावतात, म्हणून त्यांना हिवाळा आवडतो. २१ जानेवारीला सूर्याचा दिवस असतो, त्या दिवशी सगळं गाव सोल्बोल्ले नावाचे गोड पाव खातं. मी तारीख भिंतीवर लिहून ठेवतो. मंजूताईंचा सातचा दिवा आजपासून मीही लावणार.

इचलकरंजीकर_औलू | १५ जानेवारी

दोन महिन्यांनी लिहितोय, कारण इथं कुणीतरी पुढच्या वर्षी हेच शोधत येईल.

दिवा घेतला. पहिले दहा दिवस काही कळलं नाही, मग सकाळी गजराच्या आधी जाग यायला लागली. दुपारी ऑफिसातून कुइवासयार्वी तळ्यापर्यंत चालत जातो, आता तळं गोठलंय, लोक त्यावरून स्की करतात. चारची झोप पूर्ण गेलेली नाही, ढगाळ आठवड्यात परत येते. डिसेंबरचा तिसरा आठवडा कठीण गेला, आम्ही दोघंही एकमेकांवर ओरडलो.

बायकोसाठी नेउवोलातल्या नर्सनं पुढं पाठवलं, दर पंधरा दिवसांनी ती इंग्रजी बोलणाऱ्या एका समुपदेशकाकडं जाते. अवोइन पाइवाकोतीत मंगळवार-गुरुवार. तिथं तिला एक इराणी आणि एक नेपाळी मैत्रीण मिळाली, तिघी मिळून फिनिश शिकतात. मुलगी सकाळी उठल्या उठल्या "उल्कोना" म्हणते, म्हणजे बाहेर, आणि हालारी ओढत दाराशी जाते. आम्हाला दोघांना तिच्यामागं जावंच लागतं.

आकाशकंदील दिवाळीपासून खिडकीत होता. समोरच्या घरांत लोकांनी सात दिव्यांच्या कमानी लावलेल्या, म्हणून आम्हीही काढला नाही. परवा १३ तारखेला त्यांचा नूत्तीचा दिवस झाला, नाताळ आवरायचा, तशा सगळ्या खिडक्या रिकाम्या झाल्या. आमचा मात्र काल संक्रांतीपर्यंत राहिला. काल सूर्य तीनच्या सुमारास मावळला, म्हणजे दिवस पाच तासांच्या घरात आला. बायकोनं तिळाच्या वड्या केल्या आणि मजल्यावरच्या चारही घरांत स्वतः जाऊन दिल्या. शेजारच्या काकांनी विचारलं, कशाबद्दल? ती म्हणाली, सूर्य परत येतोय म्हणून. ते दारातच थांबून बराच वेळ तिच्याशी बोलत होते.

मंजूताई, शनिवारी येतोय. वड्या घेऊन.

मंजूताई_कराड | १५ जानेवारी

या, लवकर या, एक वाजता. जेवायच्या आधी नल्लिकारीला समुद्रावर चालून येऊ, बर्फ आता चांगला जाड झालाय आणि ऊन असणार आहे. पोरीला घसरगाडी माझ्याकडं आहे.

आणि वड्यांना चिकीचा गूळ कुठं मिळाला तेवढं सांगून ठेव. माझा डिसेंबरातच संपला.